मामा तलावाचा गाळ निघाला, पण तलाव जिवंत झाला का? गावानं स्वतः तपासायची पद्धत, सविस्तर

आमच्याकडे भंडारा-गोंदियात दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या तलावाचं काम निघतंच. पोकलेन येतं, ट्रॅक्टर-टिप्पर धावतात, पावसाच्या आत काम आटोपतं आणि मग आकडा छापून येतो, इतके घनमीटर गाळ काढला, इतके टीसीएम (हजार घनमीटर) साठवण वाढली. आकड्याबद्दल माझी तक्रार नाही, पण त्यावरून फक्त मशीन किती चाललं ते कळतं. तलावात मरळ परत आली का, कमळपक्षी अंडी घालतोय का, ढिवरांच्या (मासेमारी करणाऱ्या समाजाच्या) घरात मे महिन्यात मासळी शिजते का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वेगळं मोजावं लागतं, आणि ते गावाला जमतं. टेप, बांबू, दोरी, एक वही आणि चार चिकाटीची माणसं असली की पुरे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण बाहेरच्यांना मामा तलाव म्हणजे काय ते माहीत नसतं. मामा म्हणजे माजी मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जुन्या जमीनदारांच्या, मालगुजारांच्या ताब्यातले तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरच्या काही भागात मिळून असे सहा-सात हजार तलाव आहेत, त्यातले कितीतरी कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी धानासाठी बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले, आणि देखभाल हळूहळू कुणाचीच राहिली नाही. पाळ (तलावाचा मातीचा बांध) खचली, पात्रात गाळ भरला, कडेनं बेशरम (झपाट्यानं पसरणारं झुडूप) माजली.

आता एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत असते. २०१७ च्या पाणथळ जागांच्या केंद्रीय नियमांत पाणथळ जागेची जी व्याख्या आहे, तिच्यातून धानाची खाचरं आणि खास सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेत. म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळतो (२०२० मध्ये जाहीर झाला, आणि ते बंधाऱ्यामुळंच तयार झालेलं पाणथळ आहे), पण तुमच्या गावच्या तलावात सारस उतरत असला तरी कायद्याच्या नजरेत तो बहुतेक वेळा सिंचनाची टाकीच. त्यामुळं तिथली वनस्पती, मासे, पक्षी तपासणं हे कुणाच्या ड्युटीतच येत नाही. गावानं नाही केलं तर ते होणार नाही, एवढं स्पष्ट आहे.

पायरी १: यश कशाला म्हणायचं ते आधी लिहून काढा

हे काम सुरू व्हायच्या आधी करायचं. पाळीवर किंवा समाज मंदिरात बसा, धानवाले, ढिवर, गुरं चारणारे आणि कपडे धुवायला-कमळकांदे काढायला तलावावर जाणाऱ्या बायका, सगळ्यांना बोलवा. बायकांना वेगळं बसवून विचारलं तर जास्त चांगलं, कारण कमळकांदे कुठून निघायचे, कुठल्या काठाला कुठली भाजी यायची, ते त्याच सांगतात.

धानवाल्याला ऑक्टोबरमध्ये शेवटची पाणीपाळी हवी असते. ढिवराला मे महिन्यात कंबरभर पाणी शिल्लक हवं असतं. गुराख्याला काठावर हिरवा चारा हवा असतो. ह्या गोष्टी एकमेकींना आड येतात, आणि म्हणूनच "तलाव चांगला झाला" असं मोघम लिहून चालत नाही. लिहायचं असं: मे अखेरीस इतक्या एकरात पाणी, काठावर देशी वनस्पतींचं इतकं आच्छादन, बेशरम इतक्याच्या खाली, मरळ-शिंगी-मागूर जाळ्यात परत. प्रत्येक वाक्यात मोजता येईल असं काहीतरी पाहिजे. उन्हाळी धानाला पाणी द्यायचं की नाही हा वाद निघेलच, तो तेव्हाच निघू द्या, तीन वर्षांनी निघाला तर तुमची सगळी मोजणी त्यात वाहून जाते.

पायरी २: तुलनेचे तलाव निवडा

एकट्या तलावाकडं बघून काहीच सिद्ध होत नाही. एक वर्ष पाऊस जोरदार झाला की बिना दुरुस्तीचा तलावही मेपर्यंत पाणी धरतो, आणि मग श्रेय पोकलेनला जातं. म्हणून निदान तीन तलाव धरा. पहिला आपला. दुसरा त्याच परिसरातला, साधारण त्याच आकाराचा आणि येव्याचा (तेवढंच पाणी वाहून येणारा), पण ज्यावर काम झालेलं नाही असा. तिसरा असा की ज्याला गावचे जाणते लोक "हा तलाव अजून शाबूत आहे" म्हणतात, जंगलाच्या कडेला असे काही तलाव सापडतात. दुसऱ्यावरून कळतं की काही केलं नसतं तर काय झालं असतं, तिसऱ्यावरून कळतं की पोचायचं कुठं आहे.

हिशेब सोपा आहे. समजा कामाआधी मार्चमध्ये आपल्या तलावात ४ हेक्टरवर पाणी असायचं, आता ७ वर आहे, म्हणजे वाढ ३. पण शेजारच्या बिनकामाच्या तलावातही त्याच काळात ४ चे ६ झाले, म्हणजे वाढ २. मग कामामुळं वाढलं १ हेक्टर. बाकीचं पावसानं दिलं. हे वजाबाकीचं गणित प्रत्येक गोष्टीला लावायचं, मासळीला पण आणि पक्ष्यांना पण. पावसाचा आकडा महसूल मंडळनिहाय सरकारच्या महारेन वेबसाइटवर मिळतो, तो दर वर्षाच्या नोंदीच्या डोक्यावर लिहून ठेवा.

काम आधीच होऊन गेलं असेल आणि आधीची मोजणी केलीच नसेल, बहुतेक गावांत हेच असतं, तरी हातपाय गाळू नका. गुगल अर्थ प्रोमध्ये जुनी चित्रं फुकट बघता येतात. युरोपियन कमिशनच्या संशोधन केंद्रानं केलेला भूपृष्ठजलाचा नकाशा १९८४ पासूनचा आहे, तोही फुकट, पण तो ३० मीटरच्या चौकटीत बनलेला असल्यानं लहान बोडी (छोटं तळं) त्यात नीट दिसत नाही. सेंटिनल-२ उपग्रहाची चित्रं १० मीटरची आहेत, २०१५ नंतरची, साधारण दर पाच दिवसांनी एक, पावसाळ्यात ढगांमुळं कामाची नसतात पण ऑक्टोबर ते मे मस्त मिळतात. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मच्छीमार संस्थेच्या जुन्या वह्या आणि पावत्या. कुठल्या साली किती बीज टाकलं, किती मासळी विकली, हे त्यात असतं, कपाटातून काढा, धूळ झटका, मोबाइलवर फोटो काढून घ्या.

पायरी ३: काठ मोजा, हीच खरी गोम आहे

माझं स्पष्ट मत आहे की तलावाच्या दुरुस्तीचा निकाल मधल्या खोल पाण्यात लागत नाही, तो काठावर लागतो. गुडघाभर ते छातीभर पाणी जिथं असतं त्या पट्ट्यात वनस्पती रुजतात, तिथं मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात, तिथं अडई आणि जांभळी पाणकोंबडी घरटं करतात, तिथंच बायका बसून कांदे काढतात. पोकलेनवाल्याला पेमेंट घनमीटरवर मिळतं, त्यामुळं तो कडेला सरळ उभा कापतो आणि खोल खड्डा करतो. साठवण वाढते, काठ मरतो. गुरं पाण्यात उतरू शकत नाहीत, लहान पोरं बुडायची भीती वेगळीच.

मोजायचं कसं? तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं ती रेषा शोधा, झाडाच्या बुंध्यावरचा डाग, कचऱ्याची ओळ, गावकऱ्यांची आठवण, यावरून ती सापडते. तिथं खुंटी मारा. तिथून सरळ आत दोरी ताणा आणि दर ५ मीटरवर बांबूनं खोली मोजा. बांबूवर १०-१० सेंटिमीटरला रंगाचे पट्टे मारलेले असले की काम झटपट होतं. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात करायचं असेल तर प्लास्टिकच्या पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी लेव्हल काढतात तशी काढा. अशा निदान सहा-आठ रेषा तलावाच्या वेगवेगळ्या बाजूंना घ्या, पाळीची बाजू सोडून.

आता बघा, १० मीटर आत गेल्यावर १ मीटर खोली असेल तर तो उतार चांगला, त्याहून सपाट असेल तर आणखी चांगला. २-३ मीटर आत गेल्याबरोबर डोक्यावर पाणी असेल तर तिथं वनस्पती धरणार नाही, कितीही रोपं लावा. सगळ्या रेषा कागदावर काढून एक आकडा काढा: भरलेल्या तलावाचं किती क्षेत्र १ मीटरपेक्षा उथळ आहे. हा आकडा कामाआधी आणि कामानंतर किती, आणि शाबूत तलावात किती. एवढी एकच मोजणी करायची ऐपत असेल तर हीच करा असं मी म्हणेन.

याच वेळी तळाची मातीही बघा. गाळासोबत खालचा चिकणमातीचा थर खरवडला गेला आणि मुरूम उघडा पडला असेल तर दोन गोष्टी होतात, पाणी झिरपायला लागतं आणि मातीतलं बी-कंद सगळं शेतात जाऊन पडलेलं असतं. पहारीनं फूटभर खड्डा घेऊन बघितलं की लगेच कळतं. पुढच्या कामाच्या वेळी वरचा वीतभर थर बाजूला ठेवून काम संपल्यावर काठावर परत पसरायला लावा.

पायरी ४: पाणी किती दिवस टिकतं

सांडव्याच्या भिंतीवर किंवा मोरीजवळ (शेताला पाणी सोडायच्या दारापाशी) एक पट्टी रंगवा, सेंटिमीटरच्या खुणा असलेली, शून्य तळाशी. आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी वाचन, शाळेतली पोरं हे फार मन लावून करतात. ह्यावरून तीन तारखा काढा: सांडवा कधी वाहायला लागला, कधी थांबला, आणि पाणी मृत साठ्यावर (मोरीतून बाहेर न निघणाऱ्या पातळीवर) कधी आलं. ह्या तीन तारखा वर्षानुवर्षं एकाखाली एक लिहिल्या की तलावाची कुंडलीच समोर येते.

गळती तपासायची एक साधी युक्ती आहे. मार्च-एप्रिलमधली वारा नसलेली रात्र निवडा, मोरी बंद, कुणाचा पंप चालू नाही याची खात्री करा. सूर्य मावळताना पातळी वाचा आणि पहाटे उजाडताना परत वाचा. लाटांमुळं वाचन हलतं म्हणून एक पीव्हीसी पाइप भोकं पाडून पाण्यात उभा रोवा आणि त्याच्या आतली पातळी मिलिमीटर पट्टीनं मोजा. रात्री बाष्पीभवन दिवसापेक्षा बरंच कमी असतं, त्यामुळं रात्रीतून पातळी चांगली उतरली तर ते पाणी हवेत नाही, जमिनीत किंवा पाळीतून चाललंय. १२ हेक्टर पाणी पसरलेलं असेल आणि रात्रीत १ सेंटिमीटर उतरलं तर ते १२०० घनमीटर, म्हणजे १२ लाख लिटर झालं, एका रात्रीत. तीन-चार रात्री असं करा, मग पाळीच्या खालच्या बाजूनं चालत जा, कुठं ओल आहे, कुठं लव्हाळा उगवलाय ते बघा. मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना मिळत असेल तर त्याला नुकसान म्हणायचं की नाही हे पायरी १ मध्ये काय ठरलं होतं त्यावर आहे.

पायरी ५: वनस्पती

भंडाऱ्यात मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर समाजाला सोबत घेऊन जे काम केलं त्यातून हा मुद्दा आमच्याकडे पक्का झाला की नुसता गाळ काढून तलाव सुधारत नाही, आतली वनस्पती परत आणावी लागते. निमगावच्या शालू कोल्हेंसारख्या बायका त्यात पुढं होत्या. पद्धत अशी की आधी बेशरम मुळासकट काढायची, पावसाआधी पात्राची जमीन नांगरून मोकळी करायची, आणि चांगल्या तलावातून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावायच्या. पाण्याखाली वाढणाऱ्या हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, सिरॅटोफायलम, पाण्यावर पानं तरंगवणाऱ्या निम्फॉइडिस, आणि उथळ पाण्यात उभी राहणारी एलिओकॅरिस. प्रत्येकीला गावोगाव वेगळं नाव आहे, तुमच्या वहीत तुमच्या गावचंच नाव लिहा आणि शेजारी वाळवलेला नमुना चिकटवा, नंतर कॉलेजच्या बॉटनीच्या सरांकडून शास्त्रीय नाव लावून घेता येतं.

मोजणीसाठी पीव्हीसी पाइपची १ मीटर बाय १ मीटर चौकट बनवा, ती पाण्यावर तरंगते हा फायदा. पायरी ३ च्याच रेषांवर दर ५ मीटरला ती टाका. समजा १५ मीटरवर चौकट पडली आणि तिथं मांडीभर पाणी आहे. वरून बघायचं, चौकटीच्या किती भागावर काय आहे. तरंगती पानं साधारण निम्म्या भागात, कोपऱ्यात एलिओकॅरिसच्या हिरव्या काड्या, त्या झाल्या दहातला एक हिस्सा, बेशरमचा एक फुटवा, आणि बाकी मोकळं पाणी. मग हात घालून खालची वनस्पती चाचपायची, कारण पाणी गढूळ असेल तर ती वरून दिसत नाही पण बोटांना लगेच लागते. सगळं दहाच्या हिश्शात लिहायचं, अगदी नेमकं टक्केवारीत शिरू नका, दोन माणसांचे अंदाज जुळत नाहीत. दरवेळी अंदाज सांगणारं माणूस तेच असलं तर बरं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकदा आणि फेब्रुवारीत एकदा.

लक्ष ठेवायचं ते बेशरम आणि जलपर्णीवर. पहिल्या वर्षी सगळी काढली असली तरी तुटक्या काडीपासून बेशरम परत फुटते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खरी परीक्षा असते. पहिल्याच वर्षी यशस्वी म्हणून बोर्ड लावणाऱ्यांनी तिसऱ्या वर्षी तिथं जाऊन चौकट टाकावी.

पायरी ६: पाण्याचा दर्जा

यात फार अडकू नका, मोजकं करा. २० सेंटिमीटर व्यासाची एक ताटली, तिचे चार भाग करून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवायचे, मधून खुणांची दोरी. सावलीच्या बाजूनं पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरीवरची खोली लिहायची. वनस्पती चांगली धरली की पाणी निवळतं आणि हा आकडा वर्षागणिक वाढत जातो.

विरघळलेला प्राणवायू मोजायचं किट मिळतं, पण मोजायची वेळ महत्त्वाची. दुपारी मोजलं तर सगळे तलाव चांगलेच निघतात, कारण उन्हात वनस्पती आणि शेवाळ प्राणवायू सोडत असतं. रात्रभर तो खर्च होतो आणि उजाडायच्या आधी सगळ्यात कमी असतो. म्हणून पहाटे मोजा. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर छान, २-३ च्या खाली गेला की मासे वर येऊन तोंड उघडबंद करताना दिसतात, ते तर किट नसलं तरी दिसतं. धानाला युरिया टाकल्यावर जोराचा पाऊस झाला की आठवडाभरात पाण्यावर हिरवी साय येते का, कीटकनाशकाच्या फवारणीनंतर मेलेले मासे-बेडूक दिसतात का, याची तारखेनिशी नोंद करा आणि शक्य असेल तर वरच्या बांधीतून (धानाच्या खाचरातून) पाणी कुठून तलावात येतं त्या जागेचा फोटो जोडा.

पायरी ७: मासळी, पण नीट वेगळी करून

इथं सगळ्यात जास्त फसवणूक होते, मुद्दाम नाही, पण होते. दुरुस्तीनंतर संस्थेनं रोहू-कटला-मृगळाचं बीज दुप्पट टाकलं आणि मासळी दुप्पट निघाली, तर ते यश बीजाचं आहे. म्हणून वजन दोन खात्यांत लिहायचं, टाकलेल्या माशांचं वेगळं आणि तलावात आपसूक वाढणाऱ्या देशी माशांचं वेगळं, म्हणजे मरळ, शिंगी, मागूर आणि बारीक मासे. देशी माशांचं खातं वाढलं तरच तलावात प्रजनन होतंय असं म्हणायचं.

एकूण किलोवर पण जाऊ नका, कारण जास्त दिवस जाळी टाकली की जास्त मासे निघणारच. एका जाळ्याला एका रात्री किती मिळाले ते लिहा, जाळ्याची लांबी आणि आस (भोकाचा आकार) तीच ठेवा. सकाळी काठावर बायका मासळी निवडत बसतात तेव्हा तिथं वजनकाटा घेऊन जा, त्या जातीप्रमाणे ढीग लावतच असतात कारण मरळीचा भाव वेगळा आणि बारीक मासळीचा वेगळा. प्रत्येक ढिगाचं वजन, एवढंच. विक्रीला किती आणि घरी खायला किती हेही विचारा, हा दुसरा आकडा कुठल्याच सरकारी तक्त्यात नसतो आणि पावसाळ्यातल्या हातातोंडाची गाठ त्यावरच असते.

गवत्या मासा, म्हणजे ग्रासकार्प, संस्थेनं टाकलाय का ते नक्की विचारा. एकीकडं वनस्पती लावायची आणि दुसरीकडं ती खाणारा मासा सोडायचा, असं झालेलं असतं आणि मग वनस्पतीचा आकडा का पडला ते कुणाला समजत नाही. तिलापिया आणि बंदी असलेला थाई मागूर जाळ्यात आला तर लाल शाईनं लिहा.

पायरी ८: पक्षी, बेडूक, चतुर

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून चालू आहे, त्यात आपला तलाव घ्या म्हणजे आकडे जगभरच्या नोंदीत जातात. पण हिवाळी पाहुण्यांवर निकाल लावू नका. तलवार बदकं किंवा वारकरी किती आले हे शेजारच्या मोठ्या जलाशयात किती पाणी आहे, वर हिमालयापलीकडे काय चाललंय, यावरही ठरतं. माझा भर पावसाळ्यातल्या विणीवर आहे. जुलै ते सप्टेंबरमध्ये कमळपक्ष्याचा नर पानांवरून पिल्लं घेऊन फिरतोय का, टिबुकलीचं तरंगतं घरटं आहे का, अडईची पिल्लं दिसतात का. पिल्लू दिसलं म्हणजे त्या तलावात आडोसा, खाणं आणि शांतता तिन्ही आहे. उडत आलेला थवा एवढं सांगत नाही.

सारस असलेल्या पट्ट्यात विशेष काळजी. आपल्याकडे सारस अगदी थोडे उरलेत, आणि तो धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ गवताळ भागात घरटं करतो. घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नका, लोकेशन ग्रुपवर टाकू नका. लांबून दुर्बिणीनं बघा, शेतमालकाशी बोला आणि वनविभागाला कळवा.

बेडकांसाठी पहिल्या जोरदार पावसानंतरच्या रात्री पाळीवर दहा मिनिटं उभं राहून किती प्रकारचे आवाज येतात ते फोनवर रेकॉर्ड करा. चतुर आणि टाचण्यांसाठी (चतुरासारखेच पण बारीक किडे) सप्टेंबर-ऑक्टोबरच्या कोवळ्या उन्हात काठानं चालत किती वेगवेगळे दिसतात तेवढे मोजा. त्यांची पिल्लं पाण्यात वाढतात आणि कीटकनाशकाला लवकर बळी पडतात, म्हणून शेतातलं औषध तलावापर्यंत पोचतंय का याचा अंदाज त्यांच्यावरून येतो.

पायरी ९: शेती आणि विहिरी

तलावाच्या खालच्या बाजूच्या पाच-सहा विहिरी निवडा आणि ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे असं चार वेळा पाणी मोजा, भूजल सर्वेक्षण यंत्रणाही असंच वर्षातून चारदा मोजते त्यामुळं त्यांच्या निरीक्षण विहिरीशी तुलना करता येते. वरच्या बाजूच्या दोन विहिरी पण घ्या, नाहीतर परत पावसाचं श्रेय तलावाला जाईल. धानाला शेवटचं पाणी शेपटाच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत पोचलं का, किती बांध्या सुटल्या, हे शेपटाच्या शेतकऱ्यालाच विचारा, मोरीजवळच्याला विचारून उपयोग नाही. गाळ ज्यांनी शेतात टाकला त्यांच्याकडं खताचा खर्च कमी झाला का तेही बघा. आणि पाणी आटल्यावर पात्रात गाळपेर कोण करतो, किती करतो, कुठलं औषध मारतो. गाळपेर वाढत वाढत कायमचं अतिक्रमण झालं की उथळ काठ पहिला जातो.

पायरी १०: फायदा कुणाला झाला

तलाव सुधारला की त्याच्यावर डोळा ठेवणारे वाढतात. मासेमारीची लीज आधी कुणाकडं होती, आता कुणाकडं आहे, किंमत किती चढली, गावच्या ढिवरांच्या संस्थेला परवडते का की बाहेरचा ठेकेदार घुसला, हे लिहा. वनहक्क कायद्यात पाण्यातली मासळी आणि इतर उपज घेण्याचा हक्क सामूहिक हक्कांमध्ये धरलेला आहे, जंगलालगतच्या गावांनी तो दावा केला का ते बघा. पक्षी वाढले, पाणी वाढलं आणि ढिवर मात्र पाळीवरून हाकलले गेले, अशा कामाला मी यशस्वी म्हणणार नाही, बाकीचे आकडे कितीही चांगले असोत.

आकडे वाचायचे कसे

सगळ्याचे मार्क एकत्र करून एकच गुण काढू नका. पाण्याचे ९० आणि वनस्पतीचे १० मिळून सरासरी ५० येते आणि तलाव पास होतो, प्रत्यक्षात तो खड्डा असतो. वेगवेगळे आकडे शेजारी ठेवून त्यांची जोडी बघा. पाणी वाढलं पण वनस्पती नाही, तर पायरी ३ ची कागदं काढा, बहुतेक काठ उभा कापलेला असतो, तो जेसीबीनं परत उतरता करून घेता येतो. वनस्पती आली पण देशी मासे नाहीत, तर बारीक आसाचं जाळं, विणीच्या काळातली मासेमारी किंवा फवारणी यातलं काहीतरी आहे, किंवा नाल्यातून मासे वर चढायची वाटच सांडव्याच्या नव्या काँक्रीटनं बंद झालीय, तेही बघा. सगळं चांगलं पण मेमध्ये कोरडं, तर उन्हाळी धानाला पाणी कुणी सोडलं ते विचारा.

किती वर्षं मोजायचं? निदान पाच, त्यात एक तरी कमी पावसाचं वर्ष यायला हवं. २०१२ मध्ये जगभरातल्या ६२१ पाणथळ जागांचा एक मोठा आढावा आला होता, त्यात असं दिसलं की पुनर्स्थापित जागांमध्ये शंभर वर्षांनीही जीवसृष्टीची घडण मूळच्या जागांपेक्षा सरासरी २६ टक्के आणि कर्ब-नत्र वगैरेंची साठवण सरासरी २३ टक्के कमीच राहिली. उष्ण हवामानातल्या आणि मोठ्या जागा लवकर सावरतात असंही त्यात होतं, म्हणजे आपल्याला आशा आहे, पण दोन वर्षांत उद्घाटन-समारोप उरकायची ही गोष्ट नाही. आणि याचा दुसरा अर्थ असा की जो तलाव अजून शाबूत आहे, तुमचा तो तिसरा तुलनेचा तलाव, त्याला गाळाच्या नावाखाली हात लावू देऊ नका.

वही दोन प्रतींत ठेवा, एक शाळेत आणि एक मच्छीमार संस्थेत. दरवर्षी जूनच्या आत ग्रामसभेत आकडे मोठ्यानं वाचून दाखवा आणि ठरावासोबत जोडा, म्हणजे पुढच्या गाळ काढण्याच्या प्रस्तावात उथळ काठ किती सोडायचा हे इस्टिमेटमध्येच लिहून मागता येतं. वनस्पती, मासे, पक्ष्यांच्या याद्या गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत चढवून घ्या, जैवविविधता समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी, कागदावर असेल तर तिची बैठक याच निमित्तानं बोलवा.